एका बल्लीच्या झोळ्या

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

सोसायटीनं आज दोन वह्या दिल्या. दिल्या म्हणजे एक दिली, दुसरी मी भांडून घेतली. पहिलीत रोजचा अहवाल लिहायचा: लेकरं किती, झोळ्या किती, रिकाम्या किती. ती अध्यक्षांची वही, तिच्यात शुद्ध लिहायचं. ही माझी. सातवी पास झालेली बाई हाय मी, हिच्यात तोंडाला येईल तसं लिहीन.

तर पाळणाघर सुरू झालं. लिंबागणेशच्या वाटेवर पाझर तलाव चाललाय. भरावाला दगड लावायचं काम आमच्या मजूर सहकारी सोसायटीनं घेतलंय. विहिरी तळाला गेल्या, दोन वर्षं रानात काही पिकलं न्हाई, म्हणून गावातल्या पाटलांच्या सुना आन् आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया एकाच ढिगावर बसून खडी फोडायल्यात. दुष्काळानं एवढं एक बरं काम केलं.

गेल्या महिन्यात खडीची कपरी उडून सरूबाईच्या पोरीचं कपाळ फुटलं. सरूबाई माझी शेजारीण. जिभेची तिखट, पण मनाची साफ. तिनं रक्तानं भरलेली पोरगी तशीच उचलली आन् अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली. तवा कुठं अध्यक्ष उत्तरेश्वररावांना पाळणाघर आठवलं. सिमेंटच्या गोदामाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. आठ लेकरं, बाई एकच, मी. म्हणले, "पारूबाई, महिनाभर बघू. बाया घडीघडी काम टाकून इकडं पळाल्या तर बंद करणार. पावसाच्या आत दगड लागला न्हाई तर भराव वाहून जाईल, मग सोसायटी कुठली आन् पाळणाघर कुठलं."

बंद झालं तर लेकरं परत खडीत. म्हणलं, बघाच तुमी.

झोळ्या आयांनी घरून आणल्या. मी पण एक आणली, हिरव्या लुगड्याची, आत वाकळ घालून. कुणाची फाटली तर असावी. अध्यक्षांच्या वहीत लिहिलं: लेकरं आठ, झोळ्या नऊ, रिकामी एक.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कंबरड्याचा पार काटा ढिला झाला. भिंतीला नऊ खुंट्या, प्रत्येकीला एक झोळी. ह्याला झोका द्यावा तर ते उठतं, त्याला द्यावा तर तिसरं गळा काढतं. आठ लेकरांत एक वेळ अशी न्हाई की सगळी गप हायत.

सगळ्यांचा म्होरक्या धर्मराज. चंद्रभागाबाईचा. दहा महिन्यांचा, पण अंगानं सिमेंटचं पोतं. चंद्रभागाबाईनं पहिल्या दिवशीच सांगितलं, "आमची खुंटी वायली ठोका, पार कडेला. आन् पाणी मी येऊन पाजीन, तुमी नगा पाजू." म्हणजे माझ्या हातचा झोका चालतो, तांब्या चालत न्हाई. बोलणार होते. जीभ आवरली, कारण मला हे काम पायजे. लई पायजे. सावलीतलं काम हाय, म्हणून.

मग ती दिवसातून सहा वेळा हातोडा टाकून पळत येती. अध्यक्ष दुरून बघायलेत.

आमचे हे खदानीवर सुरुंगाची भोकं पाडतात. रोज दुपारी पाणी प्यायला इथं येतात. खदानीवर रांजण हाय, तरी इथंच. तांब्या हातात घेऊन कडेला हिरव्या झोळीपाशी उभे राहतात, अक्षर बोलत न्हाईत, आन् जातात. पुरुषमाणसाला पण सावली लागतीच की.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज खुंटी उपसून धर्मराज झोळीसकट खाली आला. खाली बारदान होतं म्हणून वाचला. त्याला काही झालं न्हाई, तो हसायला लागला. मला झालं. चंद्रभागाबाईनं माझ्या सात पिढ्या उद्धारल्या.

सोसायटीचे त्रिंबक सुतार आले, भिंत बोटानं उकरून बघितली. म्हणले, "भिंतीत दम न्हाई. वरच्या तुळईला दोन दोर सोडतो, त्याला आडवी बल्ली टांगतो. सगळ्या झोळ्या बल्लीलाच बांधा."

"सगळ्यांच्या एकाच लाकडाला?" चंद्रभागाबाई म्हणली.

"लाकूड एकच हाय वहिनी. न्हाईतर पोरगं पाठीला बांधा आन् फोडा खडी."

तिनं नाक मुरडलं, पण बांधली. बल्लीच्या पार त्या टोकाला. ह्या टोकाला माझी हिरवी. मधी बाकीचे सात जण. एकमेकींपासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहिलो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज काहीतरी विपरीत बघितलं. कुणाला सांगितलं न्हाई.

धर्मराजाला झोका देत होते. मधली सगळी निजलेली. बघते तर ह्या टोकाची हिरवी झोळी हालायली. आधी जराशी, मग चांगली हातभर. सिमेंट उडतं म्हणून दार लावलेलं, वाऱ्याचा पत्ता न्हाई. मधल्या सात झोळ्या नुसत्या थरथरायल्या. धर्मराज आन् हिरवी, दोन टोकाच्या दोघीच झोका घ्यायल्या.

अंगावर सर्रकन काटा आला. दीक्षा घेतलेल्या घरातली मी, भुतंखेतं मानत न्हाई. पण मानत न्हाई म्हणून भ्यायचं थांबतं असं थोडंच हाय! उठून हातानं झोळी थांबवली. भीतीबरोबर दुसरं पण काहीतरी वाटलं. ते लिहीत न्हाई.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. जे व्हायला नको ते झालं.

चंद्रभागाबाई पाणी पाजायला आली आन् दारातच थिजली. हिरवी झोळी हालायलेली.

"कोण हालवायलंय ती?"

"कुणी न्हाई."

"कुणी न्हाई म्हणूनच तर इचारते! अगं रिकामी झोळी हालायली, आन् तू बसून बघायली?"

रिकामा पाळणा हालवू नये, लेकराचं पोट दुखतं, हे आमची आजी पण सांगायची. पण मी हालवलीच न्हाई तर काय सांगू? तिनं धर्मराज उचलला आन् ओरडत गेली. दिवस मावळायच्या आत त्याचं पोट दुखायला लागलं. आता दुपारी त्याच आईनं दोन मुठी सुकडी त्याच्या तोंडात कोंबलेली ह्या डोळ्यांनी बघितलीय. पण ते कोण ऐकतंय. बोलाफुलाला गाठ पडली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठातली तीनच लेकरं आली. सरूबाईची पोरगी आन् आमच्याकडची दोन. बाकीची परत खडीत, ढिगाच्या आडोशाला, फाटक्या छत्रीखाली.

सरूबाईनं खालचं बोलणं वर आणून सांगितलं. मी म्हणलं सांग, लपवू नको. बाया म्हणायल्या, "पारूचं लेकरू गेलं न्हाई का, तेच येऊन बसतंय झोळीत. खेळायला धर्मराजाला बोलावतंय." सरूबाईनं त्यातल्या दोघींची झिंजी धरली होती, मुकादमानं सोडवलं.

त्याचं नाव मी ह्या वहीत लिहिणार न्हवते. बन्सी. अकरा महिन्यांचा होता, परवाच्या पावसाळ्यात गोवरानं गेला. हिरवी झोळी त्याची. बास.

दुपारी अध्यक्ष आले. "पारूबाई, सोमवारपासून बंद. न्हाईतर ती रिकामी काढा, चंद्रभागाबाईनं नारायणगडाचा अंगारा आणलाय तो बल्लीला बांधा, मग बघू. तसं पण अहवालात रोज एक रिकामी कशाला दाखवता?"

मी म्हणलं, "झोळी निघणार न्हाई."

"कावून?"

कावून ते मलाच ठाऊक न्हाई. अध्यक्षांपुढं असं तोंड वर करून कधी बोलले न्हवते. म्हणलं, "सोमवारी दुपारच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. ती कशानं हालती ते दाखवते. न्हाई दाखवलं तर झोळी पण काढा आन् मला पण काढा."

बोलून बसले.  काय दाखवणार हाय मी, कपाळ?

२५ फेब्रुवारी, रविवार

कामाला सुट्टी. गोदामाची किल्ली माझ्याकडं. मी निघाले तर हे न बोलता मागं आले, खांद्यावर पहार घेऊन. म्हणलं पहार कशाला? म्हणले, असू दे.

धर्मराजाच्या झोळीत खडी भरलेलं पोतं ठेवलं, त्याच्याच वजनाचं. झोका दिला. मोजत बसले. शंभरच्या आत हिरवी हालायला लागली. दिवसाढवळ्या, माणूस समोर असताना. मग मी खुळ्यासारखं एकेक करत सुटले. हिरवीतली वाकळ काढून दगड घातला, तरी हालती. पोत्यातली अर्धी खडी काढली, तरी हालती. बल्लीला दोन्ही हातांनी मिठी मारून घट्ट धरली, तर न्हाई हालत! सोडली की हालती. म्हणजे जे जातंय ते बल्लीतनं जातंय. धर्मराज झोका घेतो तवा बल्ली केसभर हालती, डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागती.

"पण मग मधल्या कावून हालत न्हाईत?" मी मोठ्यानं म्हणलं.

हे एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलले. "लांबी बघ."

पहार झोळीला लावून मापली. धर्मराजाची आन् हिरवी, दोन्ही नऊवारी लुगड्याच्या, दोन्ही पहारीएवढ्या, एक बोटाचा फरक न्हाई. मधल्या धोतराच्या, पासोडीच्या, वीतभर, हातभर आखूड. मी हिरवीला गाठ मारून हातभर वर घेतली. धर्मराजाला झोका दिला. दोनशे मोजले, तीनशे मोजले. हिरवी ढिम्म! गाठ सोडली, खाली घेतली, लगेच निघाली. मग सरूच्या पोरीची आखूड झोळी दोर लावून पहारीएवढी केली. ती पण निघाली!

आता भूत असतं तर त्याला हातभर वर चढायला काय जड झालं असतं का?

मी टाळ्या पिटल्या. गोदामात एकटी नाचले म्हणलं तरी चालंल, हे होते पण ते कुणाला सांगत न्हाईत. मग दारात येऊन बसले आन् एकदम रडू फुटलं. लई रडले. कारण खरं सांगायचं तर मला सहा दिवस वाटलंतं, असंल बाबा. तोच असंल. असंल तर असू दे, झोका तर घ्यायलाय. आन् मीच आज माझ्या हातानं गाठ मारून ते खोटं पाडलं.

हे शेजारी बसले. दोघांनी नाव घेतलं न्हाई. थोड्या वेळानं म्हणले, "उद्या चंद्रभागाबाईलाच गाठ मारायला लाव. तू मारलीस तर म्हणतील करणी हाय."

२६ फेब्रुवारी, सोमवार

जिंकले! आधी हेच लिहिते.

दुपारच्या सुट्टीत चाळीस बाया गोदामापुढं. अध्यक्ष खुर्ची टाकून. चंद्रभागाबाई धर्मराजाला पदराखाली घट्ट धरून पार मागं. म्हणलं, "लेकरू नगा देऊ. खडीचं पोतं हाय. पण गाठी तुमी मारायच्या, मी हात लावणार न्हाई."

ती यायलाच तयार न्हाई. सरूबाईनं हाळी दिली, "अगं ये की! अंगारा आणायला गडावर जाती, आन् दहा पावलं येईना?" बाया हसल्या तशी ती तणतणत आली. धर्मराज तेवढ्यापुरता त्रिंबक सुतारांकडं दिला. झोका तिनंच दिला. हिरवी हालायला लागली तशा निम्म्या बाया दाराबाहेर.

"आता तिला हातभर वर बांधा," मी म्हणलं. तिनं बांधली. परत झोका.  हिरवी जागची हालली न्हाई.

"आता खाली सोडा." सोडली. निघाली.

"परत दाव," अध्यक्ष म्हणले, खुर्चीवरून उठून. परत दावलं. पाच वेळा दावलं. शेवटी म्हणलं, "चंद्रभागाबाई, बल्लीवर तळवा ठेवा. नुसता ठेवा." तिनं माझ्या हाताशेजारी हात ठेवला. आन् तिचं तोंड बदललं.

"अगं बया! ही तर आतून हालायली."

"तेच तर. तुमच्या धर्मराजाचा झोका लाकडातनं चालत जातो. ज्याची झोळी त्याच्याएवढी, त्याला तो कळतो. बाकीच्यांना कळत न्हाई. भूत न्हाई, भानगड न्हाई. लांबी हाय."

 मग चंद्रभागाबाई म्हणली, "म्हंजे सगळ्यांच्या सारख्या केल्या तर?"

ते माझ्या टाळक्यात आलंच न्हवतं! तिच्याच आलं. खोटं कशाला बोलू.

३ मार्च, शनिवार

त्रिंबक सुतारांनी पहारीच्या मापाची काठी करून दिली. सगळ्या झोळ्या सारख्या केल्या. आठच्या आठ लेकरं परत आलीत, वर नवी तीन. बल्लीला मधोमध एक दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला.

पहिल्या दिवशी फसले. जोरजोरात ओढली, लवकर निजावीत म्हणून. नुसता गोंधळ, ही इकडं, ती तिकडं, अकरा जणांचा एक आवाज. मग कळलं, आपल्या घाईनं न्हाई ओढायची. झोळीला जेवढा वेळ लागतो जायला-यायला, तेवढाच द्यायचा. तिच्या मनानं घ्यायचं. मग अंगठा जरासा हालवला तरी पुरतो. आधी पुढंमागं जातात, भांडल्यासारख्या. मग एकेक करून वळणावर येतात आन् सगळ्या एकदम जातात, एकदम येतात. पोतं झालेला धर्मराज आन् तीन महिन्यांचं पिल्लू, दोघांचा झोका एकच. हिरवी पण त्यांच्यात.

अकरा लेकरं निजली आन् मी भाकर खाल्ली. बसून. गरम न्हवती, पण बसून खाल्ली.

२१ मार्च, बुधवार

शेजारच्या तलावावरची सोसायटी बघायला आली. उत्तरेश्वरराव त्यांना सांगायलेत, "पयल्यापासून माझ्या डोक्यात बल्लीच होती." मी त्रिंबक सुतारांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. दोघं हसलो. जाऊ द्या. महिना कवाच उलटून गेला, बंद करायचं नाव कुणी घेत न्हाई. भरावाचा दगड निम्म्यावर आलाय.

११ एप्रिल, बुधवार

ऊन नुसतं भाजायलंय. दुपारी धर्मराजानं पाण्यासाठी टाहो फोडला. मी दारात जाऊन हाक मारली, "चंद्रभागाबाई, पाणी पाजायला या!"

ढिगावरून तिनं हातोडा न ठेवताच ओरडून सांगितलं, "अगं पाज की तूच! आता एवढ्यासाठी मी उठू का काय?"

चाळीस बायांनी ऐकलं. हातोडे घटकाभर थांबले. मग परत सुरू झाले.

पाजलं. माझ्याच तांब्यानं. त्यानं अर्धं प्यालं, अर्धं माझ्या अंगावर सांडलं, आन् लुगडं ओलं घेऊन मी दिवसभर मिरवले.

९ मे, बुधवार

शेवटच्या थराचा दगड लागायलाय. चार दिवसांचं काम राहिलंय, पावसाला महिना हाय. अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं, पुढच्या तलावाचं काम पण आपल्यालाच मिळालं. पाळणाघर तिथं पण. बाई पारूबाईच, हे मी न मागता तेच म्हणले.

पण आजचं लिहायचं ते दुसरंच हाय.

चंद्रभागाबाईची धाकटी जाऊ सुभद्रा आज कामावर आली, दोन महिन्यांची पोरगी घेऊन. झोळी आणली न्हवती. माझ्याकडं सोळा लेकरं, सोळा झोळ्या भरलेल्या. सुभद्रा पोरीला घेऊन दारात उभी.

चंद्रभागाबाईनं आत बघितलं. "ती हिरवी हाय की," म्हणली. मग माझ्याकडं बघितलं आन् आवाज खाली आणला. "तुझं मन होत नसंल तर राहू दे, पारू. धर्मराजाला मी पाठीला बांधते, त्याच्या झोळीत घाल हिला."

पारू म्हणली. बाई न लावता.

मी उठले. हिरवीतली वाकळ काढली, झटकली, परत घातली. सुरकुती काढली. दुसऱ्यांदा काढली. मग पोरगी घेतली आन् ठेवली. एवढीशी. मुठी आवळलेल्या. चंद्रभागाबाई लुगड्याचा काठ नीट करत होती, माझा हात आन् तिचा हात त्या एका काठावर.

अंगठ्यानं दोरी ओढली. सोळा निघाल्या. हिरवी आधी उलटी गेली, जड झाली होती ना, तिला कधीची सवय न्हाई. मी घाई केली न्हाई. पाच-पन्नास झोके गेले असतील, आन् मग ती वळणावर आली. सतरा एकदम जायला लागल्या, एकदम यायला लागल्या. पोरीच्या मुठी सुटल्या.

दुपारी हे पाणी प्यायला आले. तांब्या भरला, झोळीपाशी गेले, आन् तसेच उभे राहिले. पाणी प्यायचं विसरले.

"कुणाचं?"

"सुभद्राबाईचं. पोरगी हाय."

लई वेळ बघत होते. मग तांब्या खाली ठेवला, माझ्यापाशी बसले, माझ्या अंगठ्याची दोरी सोडून आपल्या अंगठ्याला बांधली. "तू जेव," म्हणले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी उठले न्हाईत, मुकादमाचा माणूस बोलवायला आला तवा उठले. ह्यांना पहिल्या झटक्यात जमलं. मला दोन दिवस लागलेले.

मी जेवले. मग अध्यक्षांची वही काढली आन् शुद्ध लिहिलं.

लेकरे सतरा. झोळ्या सतरा. रिकामी एकही नाही.